पेंडीतली बुरशी आणि ओवा-लवंगेचा अर्क: पशुपालकांचे नेहमीचे प्रश्न

जून उजाडला की पशुआहाराचा सल्ला देणाऱ्या माणसाचा फोन थांबत नाही. पेंडीला कुबट वास येतोय, मक्याला हिरवट बुरशी आलीय, दूध संघाच्या तपासणीत काहीतरी जास्त निघालंय. आणि अलीकडे यात एका प्रश्नाची भर पडली आहे: ‘ते हर्बल अर्काचं काहीतरी निघालंय म्हणे, ते टाकलं की झालं का?’ झालं नाही. पण ते थोतांडही नाही. या दोन वाक्यांच्या मध्ये जे काही आहे, ते खाली प्रश्नोत्तरांत मांडलं आहे.

खाद्य ‘सुरक्षित’ म्हणजे नक्की कशापासून सुरक्षित?

पशुखाद्याला धोके बरेच असतात: बुरशी आणि तिची विषं, साल्मोनेलासारखे जंतू, खवट झालेलं तेल, कीटकनाशकांचे अंश, भेसळीचा युरिया. वनस्पतींच्या अर्कांचा संबंध यातल्या पहिल्या तिघांशी येतो. कीटकनाशक किंवा युरिया यांवर कुठलाही अर्क चालत नाही. आपल्याकडच्या हवेत सगळ्यांत मोठा धोका बुरशीच्या विषाचा, म्हणून या पानावरही तिलाच जास्त जागा दिली आहे.

अफ्लाटॉक्सिन म्हणजे काय? त्याचा एवढा बोभाटा का?

‘अस्परजिलस फ्लेव्हस’ नावाच्या बुरशीपासून तयार होणारं विष. नावही तिथूनच आलं: अस्परजिलसचा ‘अ’, फ्लेव्हसचा ‘फ्ला’ आणि पुढे टॉक्सिन. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये टर्कीची लाखभर पिल्लं पटापट मेली. रोग कळेना, म्हणून त्याला ‘टर्की एक्स’ म्हणाले. शोध घेता घेता माग लागला तो ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीचा. म्हणजे या विषाची ओळखच मुळात पशुखाद्यातून झाली.

आपल्या शेजारचं उदाहरण जास्त बोलकं आहे. १९७४ मध्ये राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातमधल्या पंचमहाल भागात अवकाळी पावसात भिजलेला मका आदिवासी कुटुंबांनी खाल्ला. काविळीसारखा आजार पसरला. नोंदल्या गेलेल्या ३९७ रुग्णांपैकी १०६ दगावले. त्याच घरांतली कुत्रीही पोटात पाणी होऊन मेली. मका तोच, खाणारे वेगळे.

या विषाचे बी१, बी२, जी१, जी२ असे प्रकार आहेत. त्यात बी१ सर्वांत जहाल. यकृतावर घाव घालतं, कर्करोगाला कारण ठरतं आणि प्रतिकारशक्ती खच्ची करतं. कोंबड्यांना लस देऊनही रोग आला, तर लसीला शिव्या देण्याआधी मक्याचं पोतं उघडून बघावं.

माझ्या पेंडीला बुरशी दिसत नाही, वासही नाही. मग काळजी मिटली?

नाही. बुरशी मरून गेली तरी तिने केलेलं विष मागे राहतं. दळताना बुरशीचे धागे मिसळून जातात, वास उडून जातो, विष जागचं हलत नाही. उलट, वरून हिरवीगार बुरशी दिसली म्हणजे विष असेलच, असंही नाही. काही बुरश्या विष करतच नाहीत. डोळा आणि नाक पहिल्या चाळणीपुरते उपयोगी, निकालाला नाहीत.

गाईने खाल्लेलं विष दुधात येतं का? किती?

येतं. बी१ चं यकृतात एम१ हे रूप होतं आणि ते दुधातून बाहेर पडतं. खाल्लेल्या बी१ पैकी साधारण १ ते २ टक्के, आणि जास्त दूध देणाऱ्या गाईत ६ टक्क्यांपर्यंत.

हिशोब करून बघा. संकरित गाय दिवसाला ६ किलो खुराक खाते. त्या खुराकात किलोला १०० मायक्रोग्रॅम बी१ आहे, म्हणजे गाईच्या पोटात ६०० मायक्रोग्रॅम गेलं. त्याचे २ टक्के, १२ मायक्रोग्रॅम, दुधात उतरले. गाय १५ लिटर दूध देत असेल तर लिटरला ०.८ मायक्रोग्रॅम. आपल्या देशात दुधासाठी मर्यादा किलोला ०.५ मायक्रोग्रॅम आहे, युरोपात ०.०५. म्हणजे आपल्या मर्यादेच्याही वर गेलो. भारतीय मानकाप्रमाणे (आयएस २०५२) जनावरांच्या तयार खुराकात बी१ जास्तीत जास्त २० मायक्रोग्रॅम चालतं. तेवढंच असेल तर वरच्याच हिशोबाने दुधात ०.१६ येतं. आपल्याकडे पास, युरोपात नापास.

२० मायक्रोग्रॅम म्हणजे किती? एक टन खुराकात २० मिलिग्रॅम. चिमूटभर मिठाहूनही कमी.

अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये देशभरातून दुधाचे ६,४३२ नमुने घेतले होते. त्यातल्या ३६८ नमुन्यांत, म्हणजे ५.७ टक्क्यांत, एम१ मर्यादेपेक्षा जास्त निघालं. पाणी मिसळल्याच्या बातम्यांनी जेवढी जागा अडवली, त्याच्या पाव वाट्यानेही ही गोष्ट लोकांपर्यंत पोचली नाही, हे मला आजही खटकतं.

दूध उकळून घेतलं तर?

उपयोग नाही. हे विष उकळण्याला दाद देत नाही, पाश्चरायझेशनलाही नाही. पनीर आणि चीजमध्ये तर ते एकवटतं, कारण ते दुधातल्या प्रथिनांना चिकटून राहतं.

मग वनस्पतींचे अर्क यात नक्की काय करतात?

इथे तीन वेगळी कामं आहेत. विक्रेते ती एकाच पत्रकात एकत्र छापतात आणि घोटाळा तिथेच होतो.

पहिलं काम बुरशीला वाढू न देण्याचं. ओव्यातलं थायमॉल, लवंगेतलं युजेनॉल, दालचिनीतलं सिनॅमाल्डिहाइड हे पदार्थ बुरशीच्या पेशीचं आवरण फोडतात. आतलं पाणी-क्षार गळतात आणि बुरशी मरते किंवा थिजते. काही अर्क तर बुरशी जिवंत ठेवूनही तिचं विष करण्याचं काम मंदावतात. हे काम खरं आहे आणि प्रयोगशाळेत पुन:पुन्हा दिसलेलं आहे.

दुसरं काम तयार झालेलं विष मोडण्याचं. हे फार थोड्या अर्कांना जमतं, तेही ठरावीक परिस्थितीत. त्यावर पुढे स्वतंत्र प्रश्न आहे.

तिसरं काम विष खाल्लेल्या जनावराचं यकृत सावरण्याचं. हळद, भुईआवळा, काडेचिराईत वगैरे. यात खाद्य सुरक्षित होत नाही, जनावर थोडं तग धरतं. फरक मोठा आहे.

कुणी ‘आमचं उत्पादन टॉक्सिनवर काम करतं’ म्हणाला, की विचारायचं: यातलं कोणतं काम? उत्तर देताना माणूस अडखळला तर पुढे बोलायची गरज नाही.

कोणत्या वनस्पती यात खरोखर दमदार आहेत?

बुरशीविरुद्ध ओवा, लवंग, दालचिनी, आणि परदेशात ओरेगॅनो व थाइम. ओवा आणि थाइम या दोघांत थायमॉल हाच मुख्य घटक. म्हणजे परदेशी डब्यावर ‘थाइम’ वाचून हुरळून जायचं कारण नाही, आपल्या मिसळणाच्या डब्यात त्याचा भाऊ आहे. लसणाचा अर्कही चालतो, पण त्यातलं ॲलिसिन फार नाजूक. ठेचल्यावर तयार होतं आणि लवकर विघटित होतं. हळदीला जेवढा मान दिला जातो, तेवढी ती साठवणीतल्या बुरशीविरुद्ध धारदार नाही. तिचं बलस्थान शरीराच्या आत आहे, पोत्यात नाही.

घरचाच ओवा कुटून खुराकात मिसळला तर?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त आवडतो, कारण इथे पुन्हा आकडेमोड करता येते.

ओव्यात साधारण २ ते ४ टक्के सुगंधी तेल असतं, आणि त्या तेलात जवळपास निम्मं थायमॉल. म्हणजे १ किलो ओव्यात ३० ग्रॅम तेल, १५ ग्रॅम थायमॉल धरू. समजा बुरशी रोखायला किलो खाद्यामागे ५०० मिलिग्रॅम थायमॉल हवं. १०० किलो खाद्याला ५० ग्रॅम लागलं. त्यासाठी ओवा किती? सव्वातीन किलोंच्या वर. ओव्याचा बाजारभाव तुम्हाला ठाऊक आहे, गुणाकार तुम्हीच करा. शिवाय एवढा ओवा घातलेला खुराक गाय हुंगून बाजूला होईल ते वेगळंच.

मूठभर ओव्याने पोट हलकं व्हायला, भूक लागायला मदत होईल. पोत्यातली बुरशी त्याने थांबत नाही. म्हणूनच उद्योगात कुटलेली वनस्पती वापरत नाहीत, वाफेवर काढलेलं तेल किंवा दाट अर्क वापरतात.

तेलाचे चार थेंब टाकले तर मात्र काम होईल ना? प्रयोगात तर अगदी थोड्यात बुरशी मेली होती.

ती बुरशी काचेच्या बशीतल्या स्वच्छ खळीवर वाढलेली होती. पेंड म्हणजे काचेची बशी नव्हे. पेंडीतली चरबी आणि प्रथिनं तेलाला स्वतःकडे ओढून धरतात, बुरशीपर्यंत पोचू देत नाहीत. त्यामुळे बशीत लागलेल्या मात्रेपेक्षा पोत्यात किती तरी पट जास्त लागते.

आणि कमी मात्रेचा एक उलटा धोकाही आहे. बुरशी मरणार नाही, फक्त तिला चिमटा बसेल इतकीच मात्रा पडली, तर काही वेळा ती विष जास्त करते. खाद्यात बुरशीरोधक म्हणून वापरतात त्या प्रोपिओनिक आम्लाच्या बाबतीत हे पाहिलं गेलं आहे, काही वनस्पती तेलांच्या बाबतीतही. अर्धवट मात्रा ‘असू दे, थोडा तरी उपयोग’ म्हणून टाकू नये, ते या कारणासाठी.

पेंड आधीच बुरसटली आहे. अर्क फवारून ती वापरता येईल?

नाही, आणि यावर तडजोड नाही.

तरी ज्यांनी ‘अडुळशाने अफ्लाटॉक्सिन नष्ट होतं’ असं कुठे वाचलं आहे, त्यांच्यासाठी सविस्तर. ते वाचलेलं खोटं नाही. कोइमतूरच्या तामिळनाडू कृषी विद्यापीठातल्या संशोधकांनी अडुळशाच्या पानांचा पाण्यातला अर्क बी१ मध्ये मिसळून ३७ अंश सेल्सिअसला २४ तास ठेवला, तेव्हा ९८ टक्क्यांच्या आसपास विष मोडलेलं दिसलं. त्याआधी तिथल्याच संशोधकांनी ओव्याच्या अर्काने जी१ प्रकार मोडून दाखवला होता. विषाच्या रेणूत ‘लॅक्टोन’ नावाचं एक कडं असतं. त्याच्या जहालपणाचं बरंचसं श्रेय त्या कड्याला जातं. अर्कातले घटक त्या कड्यातच बदल घडवतात, असा निष्कर्ष होता.

चांगलं काम आहे. पण परीक्षानळीतलं शुद्ध विष आणि तुमच्या गोदामातली सरकी पेंड यांत फार अंतर आहे. कोरड्या पेंडीत अर्क प्रत्येक कणापर्यंत पोचत नाही. पोचवायला पेंड ओली करावी लागेल, आणि ओली पेंड ३७ अंशाला २४ तास ठेवणं म्हणजे बुरशीला जेवायला बसवणं. वर पुन्हा वाळवायचा खर्च. शिवाय मोडलेल्या रेणूंचे तुकडे जनावराला कितपत निर्धोक, हे मोठ्या प्रमाणावर तपासल्याशिवाय कुणी गोठ्यात नेऊ नये.

मोठ्या कारखान्यांत दूषित पेंड अमोनियाच्या वायूत दाबाखाली ठेवून विष मोडतात, तेही याच कड्यावर हल्ला करून. ती पद्धत सिद्ध आहे, पण तिला बंद टाक्या आणि प्रशिक्षित माणसं लागतात. पोत्यावर युरियाचं पाणी शिंपडून हे साधणार नाही. तसा प्रयत्न करून जनावरं गमावल्याचं मी पाहिलं आहे.

कडुनिंबाचा पाला धान्यात ठेवायची आपली जुनी पद्धत आहे. ती चुकीची का?

मुळीच नाही. फक्त ती किड्यांसाठी आहे. सोंडे आणि पोरकिडे यांना कडुनिंबातलं ॲझाडिरॅक्टिन नकोसं होतं. किडा कमी म्हणजे दाण्याला भोकं कमी, भोकं कमी म्हणजे बुरशीला आत शिरायला वाटा कमी. तेवढी अप्रत्यक्ष मदत नक्की होते. पण पाला कडकडीत वाळलेला हवा. हिरवा पाला घालून त्याचाच ओलावा कणगीत कोंडलेले महाभाग दरवर्षी भेटतात.

निंबोळी पेंड जनावरांच्या खुराकात घालू नका. ती कडू आहे, खाणं कमी होतं, आणि तिची खरी जागा शेतात आहे.

लिव्हर टॉनिक पाजलं तर दूषित पेंड चालवून घेता येईल का?

हा प्रश्न कुणी अशा शब्दांत विचारत नाही, पण करतात बरेच जण. टॉनिकमधल्या भुईआवळा, काडेचिराईत, पुनर्नवा यांनी जनावर टवटवीत दिसेल, खाणं वाढेल. वाढलेल्या खाण्याबरोबर विषही जास्त जाईल. आणि दुधातलं एम१? ते खाल्लेल्या बी१ वर ठरतं, गाईच्या चेहऱ्यावर नाही. टॉनिक आजारातून उठणाऱ्या जनावरासाठी आहे, खराब मालाला परवाना म्हणून नाही.

उलट खराब खुराक थांबवला तर काय होतं बघा: एम१ दुधात बारा ते चोवीस तासांत येतं, आणि खुराक बदलल्यावर तीन-चार दिवसांत ओसरतं. एवढं झटपट फळ देणारं दुसरं औषध मला माहीत नाही.

बाजारात ‘टॉक्सिन बाइंडर’ मिळतात. ते घ्यावेत की हर्बल?

बाइंडर म्हणजे बहुतेक वेळा बेंटोनाइटसारखी माती. तिचे थर पत्त्यांच्या कॅटसारखे असतात. अफ्लाटॉक्सिनचा चपटा रेणू त्या थरांत अडकतो आणि शेणावाटे बाहेर पडतो. अफ्लाटॉक्सिनसाठी हा उपाय खात्रीचा आहे, स्वस्त आहे, आणि युरोपनेही अफ्लाटॉक्सिनविरुद्ध बेंटोनाइटला मान्यता दिली आहे. मात्र फ्युजॅरियम बुरशीच्या विषांना ही माती फारशी धरत नाही, आणि तोंडाने दिलेली काही औषधंही ती बांधून ठेवते. औषधोपचार चालू असेल तर पशुवैद्यकांना विचारून घ्या.

दोघांत स्पर्धा नाही. अर्क साठवणीत काम करतो, माती पोटात. पैसे एकाच गोष्टीचे असतील आणि भीती अफ्लाटॉक्सिनची असेल, तर मी मातीवर खर्च करेन.

काळी पडलेली ज्वारी कोंबड्यांना, जनावरांना चालते का?

खरीप ज्वारी कणसात भरताना पाऊस आला की दाणा काळा पडतो, हे मराठवाड्यात कुणाला सांगायला नको. ती स्वस्त मिळते, म्हणून खाद्यात जाते. त्या काळेपणात एकटी अस्परजिलस नसते, फ्युजॅरियमही असते आणि ती फ्युमोनिसिन नावाचं वेगळं विष करते. १९९५ मध्ये दख्खनच्या पठारावर असा पावसात भिजलेला मका आणि ज्वारी खाऊन गावंच्या गावं पोटदुखी आणि जुलाबाने आजारी पडली होती. घोड्यांना तर फ्युमोनिसिन मेंदूचा घात करणारं आहे, त्यांना असा दाणा बिलकुल नको. कोंबड्यांना आणि दुभत्यांना द्यायचाच झाला तर आधी तपासून, आणि चांगल्या दाण्यात थोड्या प्रमाणात. ओव्या-लवंगेच्या अर्काचा इथे संबंध नाही. विष शेतातच होऊन आलेलं आहे.

पोल्ट्रीत अँटिबायोटिकऐवजी अर्क वापरतात, ते खरं आहे का?

खरं आहे, आणि अर्कांचा जगभरचा खरा बाजार तोच आहे. युरोपने १ जानेवारी २००६ पासून वाढीसाठी खाद्यातून अँटिबायोटिक देणं बंद केलं. भारताने जुलै २०१९ मध्ये कोलिस्टिन या अँटिबायोटिकवर पशुपालनात बंदी घातली. पोकळी भरायला थायमॉल, ओरेगॅनोतलं कारव्हॅक्रॉल, सिनॅमाल्डिहाइड पुढे आले. कोंबडीच्या आतड्यातले त्रासदायक जंतू ते काही अंशी दाबतात, पाचक रस वाढवतात. परिणाम फार्मनुसार बदलतो. स्वच्छ, कमी गर्दीच्या शेडमध्ये फरक जेमतेम दिसतो, गचाळ शेडमध्ये जास्त. मग शेड झाडणं स्वस्त की अर्क, हे ज्याचं त्याने ठरवावं.

साल्मोनेलासाठी एकट्या अर्कावर विसंबू नये. खाद्य गरम करणं आणि फॉर्मिक-प्रोपिओनिक आम्लं हा मुख्य बंदोबस्त. आणि गोळी होऊन बाहेर पडल्यावर उंदीर, पाखरं, जुनी पोती यांतून जंतू पुन्हा येतात. तिथे थोडासा अर्क तुमची किती राखण करणार!

आमचा छोटा खाद्य कारखाना आहे. अर्क कधी मिसळावा?

गोळी पाडताना खाद्य ७०-८५ अंशांपर्यंत तापतं. सुगंधी तेलं उडणारीच असतात; कारखान्यात घमघमाट सुटला म्हणजे तुमचे पैसे हवेत चालले आहेत. म्हणून तेल उघडं न वापरता चरबीच्या किंवा पिठूळ आवरणात कोंडलेलं वापरतात, किंवा गोळी थंड झाल्यावर वरून फवारतात. मिक्सरमध्ये थेट ओतू नका. आधी कोंड्यासारख्या पाच-दहा किलो घटकात एकजीव करून मग पूर्ण घाण्यात घाला, नाहीतर एका पोत्यात सगळं आणि नऊ पोत्यांत काहीच नाही असं होतं.

मात्र या सगळ्याआधी ओलावा मोजायचं यंत्र घ्या. तयार खुराकात ओलावा ११ टक्क्यांच्या आत हवा. गोळी नीट थंड न करता गरम गरम पोत्यात भरली, की आत वाफ धरते आणि पोत्याच्या मधोमध जाळी होते. हे मी सांगतोय त्यात नवीन काही नाही, तरी निम्म्या तक्रारी इथल्याच असतात.

गाभण आणि दुभत्या जनावरांना अर्क निर्धोक आहेत का? दुधाला वास येतो का?

शिफारस केलेल्या मात्रेत सहसा त्रास होत नाही. पण गाईचं पोट म्हणजे जंतूंचीच वस्ती आहे. चारा तेच पचवतात. जंतू मारणारं तेल जास्त झालं तर आधी तेच दगावतात, रवंथ मंदावतो आणि स्निग्धांश घसरतो. गाभण जनावराला तीव्र तेलं, विशेषतः सुरुवातीच्या आणि शेवटच्या काळात, पशुवैद्यकांशी बोलल्याशिवाय देऊ नयेत. वासरांना मोठ्या जनावराच्या हिशोबाने मोजून देणं तर टाळाच.

वासाचं म्हणाल तर लसूण आणि मेथी दुधात बोलतात. संकलन केंद्रावर कुणी नाक मुरडलं तर आधी तेच आठवा.

घरात मांजर असेल तर लवंग-ओव्याच्या तेलाचा डबा तिच्यापासून दूर ठेवा. हे पदार्थ मांजराच्या यकृताला झेपत नाहीत.

नैसर्गिक म्हणजे शुद्ध, निदान एवढं तरी खरं ना?

एरंडाची पेंडही नैसर्गिक आहे, आणि तिच्यातल्या रिसिनने जनावर मरतं.

याहून वाईट विनोद असा की मसाल्यांना स्वतःलाच ही बुरशी लागते. मिरची, मिरी, सुंठ, हळद, जायफळ या सगळ्यांत अफ्लाटॉक्सिन सापडतं. विषाच्या बंदोबस्ताला आणलेली भुकटीच विष घेऊन येऊ शकते. त्यातही धोक्याचा असतो तो अर्क काढून उरलेला चोथा. काढे आणि मसाला-तेल बनवणाऱ्या कारखान्यांतून तो ओला बाहेर पडतो, ढिगाने पडून राहतो, मग वाळवून ‘हर्बल’ म्हणून विकला जातो. गुण निघून गेलेले, ओलावा मात्र भरपूर. हळदीत रंगासाठी शिशाचा पिवळा मिसळण्याची जुनी खोडही विसरू नका. शिसं दुधातही उतरतं.

कोरफड, हळद आणि चुन्याचा लेप म्हणजे हेच का?

नाही. २५० ग्रॅम कोरफड, ५० ग्रॅम हळद, १५ ग्रॅम चुना हा राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने प्रसार केलेला लेप कासदाहासाठी कासेला बाहेरून लावायचा आहे. तो उपचार आहे, खुराकात कालवायचा नाही.

भाताचा कोंडा आठवड्यात खवट होतो. त्यावर अर्क चालेल?

थोडाफार. रोझमेरीचा अर्क तेल खवट होण्याचा वेग कमी करतो. युरोपने २०१७ मध्ये खवटपणा रोखणाऱ्या इथॉक्सिक्विन या रसायनाची परवानगी थांबवल्यावर त्याला मागणीही आली. पण कोंड्याच्या खवटपणाची सुरुवात त्यातल्या लायपेज या विकरापासून होते आणि ते विकर उष्णतेनेच मरतं. कोकणातल्या मंडळींनी गिरणीतून आणलेला ताजा कोंडा लवकर वापरून टाकावा किंवा तेल काढलेला कोंडा घ्यावा. अर्काचा खर्च इथे वसूल होत नाही.

मुरघासावर अर्क फवारावा का?

नको. मुरघासाचं सगळं गणित चांगल्या आंबवणाऱ्या जंतूंवर उभं आहे, अर्क त्यांनाही मारतो. घट्ट दाबा, हवा काढा, तोंड उघडल्यावर रोज पुरेसा थर काढा. काळपट, कोमट लागलेला भाग बाजूला.

पाकिटावर काय वाचावं?

वनस्पतीचं नाव पुरेसं नाही. ‘ओवा अर्क’ लिहिलंय, पण थायमॉल किती टक्के? एक टन खाद्याला किती घालायचं? कशासाठी: बुरशीसाठी, आतड्यासाठी की यकृतासाठी? वापराची मुदत काय, कारण सुगंधी तेल उडून जातं. दर लॉटचा तपासणी अहवाल मागा. ‘गुप्त सूत्र’ असेल तर ते त्यांच्यापाशीच राहू द्या.

पेंड तपासून घ्यायची तर नमुना कसा काढायचा?

बहुतेक चुका इथेच होतात. विष साऱ्या पोत्यात सारखं पसरलेलं नसतं. शंभर दाण्यांतले दोन दाणे ठासून भरलेले आणि बाकीचे निर्मळ, असं असतं. वरच्या पोत्यातली मूठभर पेंड दिली तर अहवाल नशिबावर. टोचून धान्य काढायची नळी घेऊन निरनिराळ्या पोत्यांतून, वरून, मधून आणि तळातून, थोडं थोडं काढा. सगळं मिळून पाच किलो तरी झालं पाहिजे. ते नीट एकत्र करा, चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाका, पुन्हा मिसळा, असं करत अर्ध्या किलोवर या. कागदी पिशवीत द्या. प्लास्टिकमध्ये घाम धरतो.

जागच्या जागी पट्टीची चाचणी होते, ती हो-नाही सांगायला ठीक. आकडा हवा असेल तर प्रयोगशाळेत जावं लागतं: तुमच्या दूध संघाची असेल, पशुवैद्यकीय महाविद्यालयाकडे चौकशी करता येईल, आणंदला राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाची ‘काफ’ प्रयोगशाळाही आहे. अतिनील (यूव्ही) दिव्याखाली मका चमकला म्हणून निकाल लावू नका. ती हिरवट चकाकी बुरशीच्या कोजिक आम्लापासून आलेली असते, विषाची नव्हे.

पुरात भिजलेली पेंड वाळवून घालता येईल का?

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूर भागात पाणी ओसरल्यावर हाच प्रश्न दारोदार होता, आणि वैरणच उरली नव्हती म्हणून तो विचारणाऱ्याला झिडकारणं अवघड होतं. तरी उत्तर नाही असंच आहे. पुराच्या पाण्यात मैला असतो, डिझेल असतं, मेलेली जनावरं असतात. वाळवल्याने पाणी जाईल, बाकी सगळं राहील. नुसत्या पावसाच्या सरीने वरचं पोतं ओलं झालं असेल आणि त्याच दिवशी पसरून कडक वाळवलं, तर गोष्ट निराळी.

एवढं सगळं ऐकून, माझ्यासारख्या दहा गाईंवाल्याने अर्क घ्यावा की नाही?

घरी मका, सरकी, चुनी साठवून स्वतः भरडा करत असाल आणि पावसाळ्याचे चार महिने माल ठेवायची वेळ येत असेल, तर बुरशीरोधक म्हणून, प्रमाण छापलेला, आम्लासोबतचा अर्क उपयोगी पडेल. मका १२-१३ टक्के ओलाव्यापर्यंत वाळलेला असेल तरच. दर पंधरा दिवसांनी ताजी गोळी पेंड आणत असाल तर त्याच पैशात लाकडी फळ्या घ्या. पोती जमिनीपासून वीतभर वर, भिंतीपासून हातभर लांब, जुनं पोतं आधी संपवून मग नवं उघडायचं. आणि आंबोण भिजवायचं टोपलं रोज घासायचं; कालची उरलेली आंबोण आजच्यात मिसळली की बुरशीला विरजण लागतं.

जे बुरसटलंच, त्याचं काय करू? भाकड गाईला किंवा शेळ्यांना घालू का?

भाकड गाय म्हणजे बहुधा गाभण गाय, तिला तर अजिबात नको. शेळ्या विष थोडं जास्त सोसतात, म्हणून त्यांना घालायचं असं होत नाही. त्यांचंही दूध घरातलं पोर पितं. मासळीच्या तळ्यातही टाकू नका. शेणखताच्या खड्ड्यात खोल पुरा, वर शेण आणि माती टाका, आणि पोतं उपसताना नाकाला ओला रुमाल बांधा.